शेअर उसने दिले तर मत कुणाचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांच्या वेळेपासूनचे एका कंपनीचे ८०० शेअर डिमॅटमध्ये आहेत, विकायचे नाहीत. ब्रोकरकडच्या मुलाचा फोन आला, "काका, शेअर नुसते पडून आहेत, भाड्याने द्या, महिन्याला चार पैसे सुटतील." तर द्यावेत का? दिले तर लाभांश, बोनस, मत यांचं काय होतं? आणि दुसरी शंका, जी मला जास्त जिव्हाळ्याची वाटली: मंदीवाले, म्हणजे भाव पडेल यावर पैसे लावणारे, आपल्याच शेअरवर, आपल्याला न विचारता, शॉर्ट मारतात का (हाती नसलेले शेअर आधी विकून, भाव पडला की स्वस्तात परत घेतात का)?

मी १९९४ साली दलाल स्ट्रीटवर एका ब्रोकरच्या ऑफिसात डिलिव्हरीच्या टेबलावर बसलो. कागदी सर्टिफिकेटं, ट्रान्सफर डीड, सही जुळत नाही म्हणून परत आलेले गठ्ठे, हे सगळं हातातून गेलंय. नंतरची वर्षं डिपॉझिटरीच्या, म्हणजे डिमॅटमधले शेअर सांभाळणाऱ्या संस्थेच्या, कामात गेली. त्या अनुभवावरून उत्तर आधीच सांगतो आणि मग खुलासा करतो: शेअर दिल्यावर पैशाचे हक्क बहुतेक सगळे परत येतात, मताचा हक्क परत येत नाही. तो त्या वेळेपुरता दुसऱ्याचा झालेला असतो. आणि तुम्हाला न विचारता कुणी तुमचे शेअर उसने नेऊ शकत नाही, निदान आपल्याकडच्या नियमांत तरी नाही.

आधी 'भाड्याने' हा शब्द बाजूला ठेवू, कारण सगळा घोटाळा त्याच शब्दाने होतो. घर भाड्याने दिलं तरी सातबारा, प्रॉपर्टी कार्ड तुमच्याच नावावर राहतं. सोसायटीच्या सभेला तुम्हीच जाता. शेअरचं तसं नाही. शेअर द्यायचे म्हणजे उसने द्यायचे. शेजारची वहिनी वाटीभर साखर उसनी नेते, ती साखर चहात जाते आणि चार दिवसांनी परत येते ती दुसऱ्याच पुड्यातली. वाटी तेवढीच भरलेली, साखर वेगळी. मधल्या चार दिवसांत 'माझी साखर' अशी वस्तू जगात कुठेच नव्हती. होतं ते फक्त वहिनीकडून येणं. शेअर उसने दिल्यावर तुमच्याकडेही येणं उरतं, शेअर नाहीत.

आता व्यवहार कसा चालतो ते पाहा. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीची ही योजना १९९७ सालची, पण बाजाराच्या पडद्यावरून चालणारं आजचं रूप एप्रिल २००८ पासूनचं. सुरुवातीला मुदत जेमतेम ७ दिवसांची होती, त्यामुळे फारसं कुणी फिरकलं नाही. त्याच वर्षी ती ३० दिवस झाली आणि २०१० मध्ये १२ महिन्यांपर्यंत वाढवली. समजा तुमच्या शेअरचा भाव ४०० रुपये आहे आणि तुम्ही ८०० शेअर एका महिन्यासाठी शेअरमागे २ रुपये फीने दिले. (हा दर हिशेबापुरता धरलाय, खरा दर मागणीप्रमाणे रोज हलतो, कित्येक शेअरना कुणी विचारतही नाही.) तुमच्या खात्यातून ८०० शेअर वजा होतात, क्लिअरिंग कॉर्पोरेशनमार्फत (बाजारातल्या व्यवहारांचा हिशेब मिटवणारी संस्था) उसने घेणाऱ्याकडे जातात, आणि १६०० रुपयांतून ब्रोकरचं कमिशन वजा होऊन बाकी तुमच्याकडे येतात. घेणारा कोण हे तुम्हाला कळत नाही, कळायची गरजही नाही, कारण हमी क्लिअरिंग कॉर्पोरेशनची असते. त्याने परत दिले नाहीत तर कॉर्पोरेशन बाजारातून लिलावाने घेऊन देते, आणि तेही मिळाले नाहीत तर रोख रक्कम देऊन व्यवहार मिटवते. ही शेवटची शक्यता दुर्मीळ आहे, पण वडिलांची आठवण म्हणून जपलेल्या शेअरच्या जागी पैसे आले तर तुम्हाला चालेल का, हे आधीच स्वतःला विचारून ठेवा.

घेणाऱ्याने ते शेअर विकले. नागपूरच्या एका गृहस्थाने विकत घेतले. त्याने पूर्ण ४०० रुपये मोजलेत, त्याच्या डिमॅटमध्ये ते जमा झालेत, आणि ते कुणाचे उसने होते याचा त्याला पत्ताही नाही. त्याला कळायची जरुरीही नाही. आता सांगा, शेअरहोल्डर कोण? तुम्ही म्हणाल मी, कारण महिन्याने मला परत मिळणार. उसने घेणारा म्हणेल मी नाही, मी तर देणेकरी. आणि नागपूरचा माणूस काही म्हणणारच नाही, तो सरळ लॉगिन करून मत देईल. कायदाही त्याच्याच बाजूने आहे. १९९६ च्या डिपॉझिटरीज कायद्याच्या कलम १० प्रमाणे नोंदणीपुरती मालक डिपॉझिटरी, पण तिला मताचा अधिकार नाही. सगळे हक्क ज्याच्या खात्यात शेअर आहेत त्या लाभार्थी मालकाचे. कंपनीकडे एका ठरलेल्या दिवसाच्या संध्याकाळची यादी जाते. त्या यादीत नाव असेल तो शेअरहोल्डर. तुमचं घेणं त्या यादीत कुठे दिसत नाही.

म्हणून हक्क एकेक करून तपासायला हवेत.

लाभांशाचं सोपं आहे. कंपनी लाभांश नागपूरच्या गृहस्थाला देते. तेवढीच रक्कम उसने घेणाऱ्याकडून वसूल होऊन क्लिअरिंगमार्फत तुमच्याकडे येते. तुमच्या पदरात रुपये तेच पडतात, पण ते कंपनीने दिलेले नसतात, उसनवारीच्या कराराने आलेले असतात. रिटर्न भरताना सीएला हे सांगावं लागतं. फीसुद्धा उत्पन्नातच धरली जाते. शेअर देणं हे मात्र आयकराच्या दृष्टीने विक्री नाही, त्यामुळे वडिलांच्या काळच्या खरेदीवरचा भांडवली नफा त्यामुळे उभा राहत नाही. ही भीती बऱ्याच जणांना असते, ती सोडा.

शेअरचं विभाजन झालं तर परत येणारी संख्या त्या प्रमाणात वाढते. बोनस, विलीनीकरण, ओपन ऑफर (शेअरधारकांचे शेअर विकत घ्यायचा जाहीर देकार) यांसारखं काही आलं तर करार मुदतीआधीच मिटवला जातो, शेअर तुमच्याकडे येतात आणि उरलेल्या दिवसांची फी तुमच्याकडून परत घेतली जाते. म्हणजे बोनस बुडत नाही. व्यवस्था चांगली आहे, आणि ती तशी आहे हे मी मनापासून सांगतो, कारण बोनस बुडण्याच्या भीतीने नको म्हणणारे मी खूप पाहिलेत.

पण एक फट आहे. काही आयपीओंमध्ये मूळ कंपनीच्या शेअरधारकांसाठी वेगळा कोटा असतो. सप्टेंबर २०२४ मध्ये बजाज हाउसिंग फायनान्सच्या आयपीओत बजाज फायनान्स आणि बजाज फिनसर्वच्या शेअरधारकांसाठी तो होता, आणि ७० रुपयांना दिलेला शेअर पहिल्याच दिवशी १५० वर उघडला. असा कोटा मिळायला प्रॉस्पेक्टस दाखल होण्याच्या दिवशी मूळ कंपनीचा शेअर तुमच्या खात्यात असावा लागतो. तो दिवस आधी जाहीर होत नाही, आणि तो मूळ कंपनीचा बोनस किंवा विलीनीकरण नसल्यामुळे तुमचा करार त्यासाठी थांबत नाही. त्या दिवशी शेअर उसने गेलेले असतील तर तुम्ही कोट्याबाहेर. कुणी फसवलं नाही, कुणी नियम मोडला नाही, तरी गेलं ते गेलं.

आता मत. इथे मला थोडं थांबायचंय, कारण फोन करणारा मुलगा नेमकं हेच सांगत नाही. बहुतेक वेळा त्यालाही माहीत नसतं.

एक निवृत्त मुख्याध्यापिका माझ्याकडे आल्या होत्या. एका मध्यम आकाराच्या कंपनीचे त्यांच्याकडे ६०० शेअर, वीस-बावीस वर्षांपासूनचे. त्या वर्षीच्या सभेत प्रवर्तकांच्या, म्हणजे कंपनी ताब्यात असलेल्या मूळ मालकांच्या, दुसऱ्या कंपनीशी मोठा व्यवहार करायचा ठराव होता. बाईंनी नोटीस अक्षरशः पेन घेऊन वाचली होती, समासात खुणा होत्या, एका ठिकाणी 'हा दर कुणी ठरवला?' असं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. नोटीस त्यांच्या बहिणीच्या नावाची होती, कारण त्यांच्या नावाने ती आलीच नव्हती. मी डिपॉझिटरीचं ई-व्होटिंग उघडलं, ओटीपी टाकला. ज्या कंपन्यांचं मतदान चालू होतं त्यांची यादी आली. ती यादी आम्ही दोघांनी वरून खाली तीनदा वाचली. कंपनीचं नाव नव्हतं. मग खात्याचा उतारा काढला तेव्हा दिसलं, दीड महिन्यापूर्वी ६०० वजा झालेले. ब्रोकरच्या एका फॉर्मवर बाईंची संमतीची सही होती, फीही जमा झाली होती, सगळं नियमात होतं. बाईंनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, "पण मला कुणी सांगितलं नाही की यात माझं मत जातं." त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सांगायला हवं होतं. संमतीच्या फॉर्मवर सगळ्यात वर, मोठ्या मराठी अक्षरांत ते लिहिलेलं असायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

नियम असा आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला सभेच्या ठरावांवर ई-व्होटिंगची सोय द्यावीच लागते. मत कोण देऊ शकतो हे कट-ऑफच्या दिवशी ठरतं, आणि हा दिवस सभेच्या आधी जास्तीत जास्त ७ दिवस असू शकतो. मतदान किमान ३ दिवस चालतं आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ५ वाजता बंद होतं. नोटीस २१ दिवस आधी निघते. म्हणजे नोटीस हातात पडल्यापासून कट-ऑफपर्यंत साधारण दोन आठवडे असतात, आणि तेवढ्यात उसने दिलेले शेअर परत मागवणं शक्य असतं. मुदतीआधी परत मागण्याची सोय योजनेत आहे, पण बदली देणारा बाजारात मिळायला हवा आणि त्या दिवशीचा दर तुम्हाला सोसायला हवा. ऐनवेळी, जेव्हा सगळेच त्या शेअरच्या मागे असतात, तेव्हा नेमकं तेच महाग पडतं. शिवाय शेअर उसने गेल्यावर तुम्ही यादीत नसाल तर नोटीसच तुम्हाला येणार नाही, बाईंच्या बाबतीत झालं तसं. म्हणून ब्रोकरला एक प्रश्न जरूर विचारा: मी देतोय तो करार सभा आली की आधी मिटणारा आहे, की सभा होऊन गेली तरी चालू राहणारा? उत्तर लेखी घ्या.

'माझ्या ८०० मतांनी काय होतं?' हे मला रोज ऐकायला मिळतं. विशेष ठरावाला पडलेल्या मतांच्या तीन चतुर्थांश मतं लागतात, आणि प्रवर्तकांशी संबंधित व्यवहारांत तर संबंधित पक्षांना त्या ठरावाच्या बाजूने मत टाकता येत नाही. तिथे बाहेरच्यांची मतं मोजली जातात आणि बाहेरचे बरेचसे मत देतच नाहीत. अशा ठिकाणी हजार-पाचशे शेअरवाल्यांचे गठ्ठे खरोखर फरक पाडतात. आणि मोठ्यांना या मताची किंमत किती चांगली कळते हे परदेशातल्या एका गोष्टीवरून दिसेल.

२००२ साली लंडनमध्ये ब्रिटिश लँड या कंपनीच्या सभेत लॅक्सी पार्टनर्स नावाचा फंड उतरला. त्याची स्वतःची गुंतवणूक सुमारे १ टक्का. पण सभेत त्याच्या हातात ९ टक्क्यांहून जास्त मतं निघाली. उरलेली कुठून आली? सभेआधी शेअर उसने घेतले होते. ज्यांनी थोड्या फीसाठी शेअर दिले, त्यांची मतं अशा माणसाच्या हाती गेली ज्याला त्या कंपनीच्या भल्याबुऱ्याचा तेवढा धोका नव्हता. शेअर उसना, मत खरं, आणि भाव पडला तर झळ दुसऱ्याला. हाँगकाँगमध्ये २००६ साली हेंडरसन इन्व्हेस्टमेंटच्या छोट्या शेअरधारकांचे शेअर विकत घेण्याचा प्रस्ताव मतदानात पडला, तिथेही उसन्या शेअरच्या मतांवरून असाच वाद झाला. भाव कोसळला आणि प्रस्तावाची वाट पाहणारे सामान्य लोक पोळले. म्हणूनच जपानचा सरकारी पेन्शन फंड, जो जगातल्या सगळ्यात मोठ्या फंडांपैकी एक, त्याने डिसेंबर २०१९ मध्ये परदेशी शेअर उसने देणं थांबवलं. उसने दिलेल्या काळात मालकी आपल्याकडे राहत नाही, मग मालक म्हणून जबाबदारी कशी पार पाडणार, असा त्यांचा साधा मुद्दा होता. चांगल्या उत्पन्नावर पाणी सोडून घेतलेला निर्णय होता तो. मला तो फार योग्य वाटतो.

आपल्याकडे उसनवारीचा बाजार लहान आहे, त्यामुळे असा प्रकार मोठ्या प्रमाणावर झालेला मी पाहिलेला नाही. पण कट-ऑफच्या दिवशी शेअर खात्यात असले की दुसऱ्या दिवशी विकून टाकणाऱ्यालाही मत देता येतं. दार उघडं आहे, एवढं लक्षात असू द्या.

आता दुसऱ्या शंकेकडे. तुम्हाला न विचारता शेअर नेले जातात का?

ही भीती आपल्याकडे दोन वाटांनी आली. एक म्हणजे कार्वी या ब्रोकर कंपनीचं प्रकरण. २२ नोव्हेंबर २०१९ ला सेबीचा आदेश आला तेव्हा लोकांना कळलं की ग्राहकांचे शेअर ब्रोकरने स्वतःच्या खात्यात घेऊन गहाण टाकले होते आणि त्यावर कर्ज उचललं होतं. ते शॉर्टसाठी उसने देणं नव्हतं, पण ग्राहकाच्या डोक्यात एकच राहिलं की माझा शेअर माझ्या नकळत गेला. त्यानंतर बरंच बदललं. १ सप्टेंबर २०२० पासून मार्जिनसाठी, म्हणजे ब्रोकरकडच्या अनामतीपोटी, शेअर द्यायचे तर ते तुमच्याच खात्यात राहून त्यावर तारण नोंदवलं जातं. तारण ठेवलेल्या शेअरचं मत आणि लाभांश तुमचाच राहतो. उसने दिलेल्याचं तसं नाही, हा फरक घट्ट धरून ठेवा. ब्रोकरला पूर्वी सरसकट मुखत्यारपत्र देत असू, त्याच्या जागी आता डीडीपीआय हे मर्यादित संमतीपत्र आलं आणि त्यातली कामं मोजकी आहेत: विकलेल्याची डिलिव्हरी, मार्जिनचं तारण, म्युच्युअल फंडाचे व्यवहार, ओपन ऑफरसारख्या ठिकाणी शेअर देणं. उसने देणं त्यात नाही. त्याला तुमची वेगळी संमती लागते. मुख्याध्यापिकाबाईंनी तीच सही केली होती.

दुसरी वाट अमेरिकेची. जानेवारी २०२१ मध्ये गेमस्टॉप या कंपनीच्या शेअरच्या वेळी सगळ्यांनी वाचलं की बाजारात फिरणाऱ्या शेअरच्या १०० टक्क्यांहून जास्त शेअर शॉर्ट झालेत, आणि लोकांनी ठरवलं की खोटे शेअर छापलेत. मघाचंच उदाहरण पुढे न्या. नागपूरच्या गृहस्थानेही ते ८०० शेअर उसने दिले, घेणाऱ्याने ते पुन्हा विकले, तर त्याच ८०० वर १६०० चं शॉर्ट उभं राहिलं. शेअर एकही जास्त झाला नाही, देणी दोन झाली. उसनी साखर तिसरीने चौथीला उसनी दिली तर डब्यात साखर वाढत नाही.

पण अमेरिकेत सामान्य माणसाची अडचण खरी आहे. तिथे बहुतेक शेअर सीड अँड कंपनी या एकाच नावावर नोंदलेले असतात आणि ब्रोकरकडे सगळ्या ग्राहकांचे एकत्र पडलेले असतात. मार्जिन खातं (ब्रोकरच्या उधारीवर शेअर घेता येतात ते) असेल तर ब्रोकरला ग्राहकाचे शेअर उसने द्यायची मुभा करारातच असते, आणि कुणाच्या वाट्याचे गेले हे ग्राहकाला कळत नाही. मतांची वेळ आली की हातात असलेली मतं आणि मागणारे ग्राहक यांचा मेळ ब्रोकर घालतो. ज्यांची मुलं न्यू जर्सीत, कॅलिफोर्नियात नोकरीला आहेत आणि कंपनीचे शेअर बाळगून आहेत, त्यांनी मुलांना एवढं विचारावं: खातं कॅश आहे की मार्जिन? 'शेअर देऊन कमवा' अशी कुठली योजना चालू केली आहेस का? उसने गेलेल्या शेअरवर लाभांशाऐवजी भरपाई आली तर तिथे त्या भरपाईवर लाभांशाचा सवलतीचा करदर मिळत नाही. आपल्या डिमॅटमध्ये प्रत्येकाचे शेअर प्रत्येकाच्या नावे वेगळे असतात, आणि दर तिमाहीला कंपनीच्या एकूण शेअरशी डिपॉझिटरीतल्या शेअरचा मेळ घालून तपासणी होते. या बाबतीत आपली रचना अमेरिकेपेक्षा सरस आहे, हे अभिमानाने सांगायला हरकत नाही.

न बाळगलेले शेअर विकायची आपल्या बाजाराची जुनी खोड मात्र आहे. १९८२ मध्ये कलकत्त्याच्या मंदीवाल्यांनी रिलायन्स विकत सुटण्याचा सपाटा लावला. समोरून कुणीतरी घेतच गेलं आणि हिशेबाच्या दिवशी डिलिव्हरी मागितली. शेअर होते कुठे? मुंबईचा शेअर बाजार तीन दिवस बंद ठेवावा लागला. मी बाजारात आलो तेव्हाही जुनी माणसं तो किस्सा काल घडल्यासारखा सांगत. तेव्हा उसनवारीची सोय बदल्यात, म्हणजे सौद्याचा हिशेब पुढे ढकलायच्या जुन्या पद्धतीत, होती; शनिवारी बदल्याचे दर ठरत, आणि मंदीवाले जास्त झाले की उंधा बदला, म्हणजे विकणाराच शेअरवाल्याला पैसे देई. केतन पारेख या दलालाच्या घोटाळ्यानंतर २००१ मध्ये बदला बंद झाला. आजचा नियम असा की शॉर्ट कुणीही करावं, पण हिशेबाच्या दिवशी डिलिव्हरी दिलीच पाहिजे. शेअर न जुळवता विकायला मनाई आहे. संस्थांना ऑर्डर टाकतानाच हे शॉर्ट आहे असं सांगावं लागतं, किरकोळ गुंतवणूकदाराला त्या दिवशीचा व्यवहार संपेपर्यंत. सेबीने हे ५ जानेवारी २०२४ च्या परिपत्रकात पुन्हा बजावलं.

तरीही डिलिव्हरी चुकतेच, आणि मंदीवाल्यांमुळे सामान्य शेअरधारकाचा हक्क थेट दुखावतो तो इथे. याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. माझ्या मेहुण्याने बोनसच्या तोंडावर १०० शेअर घेतले. विकणाऱ्याने सकाळी शॉर्ट केलेलं आणि भाव वरच्या सर्किटला, म्हणजे त्या दिवसाच्या वरच्या मर्यादेला, लागल्यामुळे त्याला परत घेता आले नाहीत. दुसऱ्या दिवशी मेहुण्याच्या खात्यात शून्य. एरवी अशा वेळी लिलावातून शेअर मिळतात, पण मध्ये बोनसची तारीख आल्यामुळे व्यवहार रोखीत मिटवला गेला. पैसे बाजारभावापेक्षा जास्तच मिळाले, तक्रारीला जागा नव्हती. पण त्याला शेअर हवे होते, पुढच्या पाच वर्षांसाठी. ते मिळाले नाहीत, आणि वर त्या नफ्यावर कर. म्हणून रेकॉर्ड डेटसाठी (बोनस-लाभांशाची यादी ठरते तो दिवस) घ्यायचं असेल तर शेवटच्या दिवसावर जाऊ नका. जानेवारी २०२३ पासून सगळे शेअर दुसऱ्याच दिवशी जमा होतात, त्यामुळे आदल्या दिवशी घेतलं तरी चालतं असं लोक धरून चालतात. डिलिव्हरी आली तर चालतं.

भाव पाडण्याबद्दल थोडक्यातच सांगतो. कायदा तुम्हाला मत, लाभांश, माहिती यांचा हक्क देतो, भावाचा देत नाही. शिवाय मोठे शॉर्ट बऱ्याचदा तुमच्या शेअरला हातही लावत नाहीत. २४ जानेवारी २०२३ ला अदानी समूहावर अहवाल काढणाऱ्या हिंडेनबर्गने स्वतःच सांगितलं होतं की त्यांचं शॉर्ट अमेरिकेत चालणाऱ्या रोख्यांत आणि भारताबाहेरच्या डेरिव्हेटिव्हमध्ये आहे. आपल्याकडेही मंदी प्रामुख्याने फ्युचर्समधून, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यांतून, चालते. त्यात नफा-तोटा मोठा होतो, पण कुणाच्या डिमॅटमधून शेअर गेला आणि मत गेलं असं होत नाही. तुमच्या शेअरचा भाव पडला म्हणून तुमचा हक्क गेला असं समजू नका, आणि उलट, भाव छान चढतोय म्हणून हक्क शाबूत आहे असंही नाही.

मग तुमच्या ८०० शेअरचं काय करायचं? माझ्या स्वतःच्या खात्यातले दोन मोठ्या कंपन्यांचे शेअर मी अधूनमधून उसने देतो. तिथे सभेत काही वादाचं नसतं, करार मी एका महिन्याचेच करतो, आणि सभेच्या महिन्यात देत नाही. तिसऱ्या एका कंपनीचे शेअर मी कधीच देत नाही, फी दुप्पट दिली तरी. तिथे दरवर्षी प्रवर्तकांच्या मानधनाचा आणि आपसातल्या व्यवहारांचा ठराव असतो आणि मी दरवर्षी विरोधात मत टाकतो. तुमची कंपनी पहिल्या जातीची आहे की तिसऱ्या, ते मागच्या तीन वर्षांच्या नोटिसा काढून पाहा. कंपनीच्या आणि बाजाराच्या संकेतस्थळावर त्या असतात, मतमोजणीचे निकालही असतात. कोणत्या ठरावाला बाहेरच्यांनी किती विरोध केला ते त्यात स्पष्ट दिसतं. तेवढं पाहून झालं की त्या मुलाला फोन करा, कमिशन वजा होऊन हातात नेमके किती येतात ते आकड्यात विचारा, आणि सभा यंदा कोणत्या महिन्यात आहे ते त्याच्याकडून नाही, कंपनीच्या नोटिशीतून पाहा.